ओळखीच्या माणसांची क्लिप निघत नाही

क्लिप क्रमांक ९. म्हैस. बारा सेकंद.

शिडी बंडोपंतांची होती. परत केली तेव्हा तिची एक पायरी कमी भरली, असे त्यांचे म्हणणे आहे. मी मोजून नेली, मोजून आणली. सात.

"सर, मी परत येतो तवा वॉल बंदच राह्यते. मले वाटे, तुमचं तुम्हीच करून घेता."

अर्ज तीन प्रतींत द्यावा. तिसरी प्रत कशाला, हे पहिल्या दोन घेणाऱ्यालाही माहीत नसते.

बावीस मिनिटे.

शोभाबाईंच्या हातात परडी, परडीत जास्वंद, जास्वंद आमच्या कुंपणाची. क्लिप क्रमांक ३१.

सीडीच्या कव्हरवर गणपती आणि खाली सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'.

आता सलग सांगतो. सलग सांगायची मला सवय आहे, कारण मी आंजीच्या शाळेत गणित शिकवतो. राहतो वर्ध्यात, समता ले-आउट नावाच्या वसाहतीत. आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतात. शेजारच्या ले-आउटला ते पाऊण तास राहतात आणि आम्हाला बावीस मिनिटे. हा आकडा माझा आहे. माझ्या आधी लोक नुसते "नळ लवकर जातात बाप्पा" म्हणत बसायचे. मी चार वेळा घड्याळ लावून मोजले आणि पाणी समितीच्या बैठकीत फळ्यावर लिहिल्यासारखे सांगितले. ताबडतोब मला समितीचा अध्यक्ष करण्यात आले. बैठकीला पेन घेऊन आलेला मी एकटाच होतो, हेही एक कारण असू शकेल.

वॉल, म्हणजे नळांचे पाणी सोडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह, आमच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर आहे. त्याचे लोखंडी झाकण कधीच गेले. आता वर एक फरशी असते, फरशीखाली खड्डा आणि खड्ड्यात फिरवायचे चाक. पाण्याच्या ऑफिसचा रोजंदारीवरचा लहानू सकाळी पाच चाळीसला सायकलवर येतो, फरशी सरकवतो, चाक फिरवतो आणि पुढच्या चार ले-आउटचे नळ सोडायला जातो. परतताना त्याने आमचा वॉल बंद करायचा, अशी पद्धत. पण सहा वाजून दोन मिनिटांनी नळ जातात. मग बंद कोण करतो? लहानू. दुसरे कोण असणार?

त्याला विचारले तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते वर तिसऱ्या तुकड्यात आहे. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. फक्त आमची सरिता म्हणाली, "अजी, तो खरं बोलून राह्यला असंन तं?"

मी हसलो. "चाक का आपोआप फिरते?"

"तसं नाई म्हटलं मी," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. सरितेची ही पद्धत आहे. ती शंका काढते आणि सोडवायला थांबत नाही.

बंडोपंत पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी सल्ला दिला, "सर, तोंडी तक्रार म्हणजे बिनतिकिटाचं पाकीट. फिरून आपल्याच घरी येते. लेखी द्या, पुरावा जोडा." शोभाबाई म्हणाल्या, "पुरावा कायले पायजे? सीधा पकडा नं त्याले, सायकलीची हवा सोडा." मी दोन्ही सूचना नोंदवल्या आणि पहिली मान्य केली.

पुराव्यासाठी कॅमेरा आला. कॅमेरे विकणाऱ्या देवेंद्रने सांगितले, "सर, एक नंबर माल. जगात कुठूनबी लाइव्ह पाहा."

"आणि रेकॉर्डिंग?"

"त्याले कार्ड लागते. ते या मॉडेलात नाई बसत."

हे त्याने कॅमेरा खांबावर चढल्यावर सांगितले. म्हणजे आमच्याजवळ जे होते ते नुसते लाइव्ह चित्र, फळ्यावरच्या गणितासारखे. पुसले की गेले. सकाळी सहाला वर्ध्यात कोण मोबाइलकडे बघत बसतो? त्या वेळी माणसाच्या एका हातात पाइप असतो, दुसऱ्या हातात बादली आणि तोंडात ब्रश. तेव्हा काम असे ठरले: वाहत्या लाइव्ह चित्रातून वॉलपाशी कोणी आले तेवढाच तुकडा कापायचा आणि तो इंटरनेटवरच्या साठ्यात, म्हणजे क्लाउडवर, आपोआप ठेवायचा.

तीन रविवार लागले. मी एक फुकट प्रोग्रॅम शोधला आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवला. चित्रात वॉलभोवती चौकट आखली. चौकटीत काही हलले की बारा सेकंदांची क्लिप कापली जाणार आणि क्लाउडवर चढणार. माझ्या वडिलांना, नानाजींना, मी हे सर्व समजावून सांगितले. नानाजी अठ्ठ्याहत्तरचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. पहाटे माकडटोपी घालून फिरायला निघतात, तिथून विहारात जातात आणि आठला घरी येतात. तोवर मी आंजीच्या गाडीत असतो.

"म्हणजे चित्र आपलं अन् ठेवाचं दुसऱ्याच्या घरी," नानाजी म्हणाले.

"सुरक्षित राहते नानाजी."

"बरं. पाह्यजो बा."

पहिल्या दोन दिवसांत चारशे बारा क्लिपा निघाल्या. म्हैस, कुत्रे, प्लास्टिकची पिशवी, पुन्हा म्हैस, म्हशीची सावली. तिसऱ्या दिवशी क्लाउडची फुकट जागा संपली. त्याच खात्यावर माझी ईमेलही होती, हे मला तेव्हा कळले. जागा संपली की मेल येणे बंद होते. समुद्रपूरला गणिताचे प्रशिक्षण होते, त्याचा आदेश मेलवर निघाला होता. मी ऐटीत शाळेत पोचलो, तर मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही इथं काऊन?" दोन एसट्या बदलून समुद्रपूर गाठले. तिथे आभारप्रदर्शन चालू होते. ताटात समोशाचे तुकडे होते, समोसा नव्हता. गैरहजेरीचा खुलासा लेखी मागण्यात आला. मी कारणाच्या रकान्यात 'म्हैस' लिहिले, खोडले आणि 'तांत्रिक' लिहिले.

पण हे किरकोळ. मी चौकट लहान केली, म्हैस बाहेर गेली. मग पारदर्शक कारभार म्हणून क्लिपांच्या फोल्डरची लिंक ले-आउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

टाकायला नको होती, असे मी म्हणणार नाही. जरा लवकर टाकली, एवढेच म्हणेन.

क्लिप क्रमांक ३१ सर्वांनी पाहिली. तिच्याखाली ३८ होती, तिच्यात बंडोपंत आदल्या दिवशीचा कचरा मोकळ्या प्लॉटवर टाकून हात झटकत जाताना दिसतात. संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक बसली. बोलावली कोणी नव्हती.

"मी देवाले फुलं नेतो," शोभाबाई म्हणाल्या. "चोरी का म्हणते याले कोणी?"

"कोणी म्हटलं नाही वहिनी."

"म्हटलं नाई, पण दाखवलं नं!"

बंडोपंत खुर्चीच्या टोकावर बसले होते. "सर, आम्ही तुम्हाला लहानूच्या मागे लावलं. तुम्ही आमच्याच मागे लागलात. माझी शिडी घेऊन माझेच फोटो?"

"फोटो नाही, क्लिप."

"तेच ते."

शेवटी ठराव झाला. मीच लिहिला, एकमताने झाला: ले-आउटच्या माणसांच्या क्लिपा काढायच्या नाहीत आणि आतापर्यंतच्या सगळ्या न पाहताच पुसायच्या. प्रोग्रॅममध्ये तशी सोय होती. ओळखीच्या माणसांचे फोटो आधी भरून ठेवायचे. मग तो चेहरा चौकटीत आला तरी क्लिप निघत नाही, कोपऱ्यात नुसती ओळ उमटते: 'ओळखीची व्यक्ती. नोंद नाही.' मी घरोघरी फिरून चौसष्ट फोटो जमवले. शोभाबाईंनी भाचीच्या लग्नातला दिला. नानाजींचा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावरचा होता. तो त्यांच्यासारखा दिसत नाही म्हणून मी आणखी दोन काढले, टोपीसह आणि टोपीविना. काम करायचे तर नीट.

यानंतर शांतता आली. बावीस दिवस गेले, अकरा वेळा नळ आले आणि अकराच क्लिपा निघाल्या. अकराही क्लिपांत एकच माणूस: लहानू फरशी सरकवतो, चाक फिरवतो, सायकलवर बसतो.

आता माझी सिद्धता पाहा. अर्जात मी ती जशीच्या तशी लिहिली. एक: चाक आपोआप फिरत नाही. दोन: वॉलपाशी माणूस आला की क्लिप निघते. तीन: सर्व क्लिपांत लहानूशिवाय कोणीही नाही. म्हणून, लहानूच. दहावीच्या मुलांना मी यापेक्षा ढिल्या सिद्धतेला पूर्ण गुण दिलेले आहेत.

पाण्याच्या ऑफिसातल्या बाबूंनी अर्ज वाचला आणि लिंकवर बोट ठेवले. "हे जोडता येत नाही. कागद जोडा."

मी अकरा क्लिपांची चित्रे छापून नेली.

"हा व्हिडिओ आहे म्हणता, तर हलत का नाही?"

"कागदावर कसा हलेल साहेब?"

"मग सीडीत आणा."

वर्ध्यात आता कोरी सीडी शोधून दाखवा. चार दुकाने फिरलो. शेवटी देवेंद्रने लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या मालातून एक काढून दिली, कव्हरसकट. अशा रीतीने लहानूविरुद्धचा पुरावा 'शुभविवाह' लिहिलेल्या पाकिटातून दाखल झाला आणि आवक रजिस्टरला त्याची तशीच नोंद झाली.

आठवड्याने लहानू आमच्या फाटकाशी उभा. हातात नोटीस. आत ये म्हटले तरी आला नाही.

"सर, चौदा वर्सं झाले मले. या वर्सी पर्मनंटच्या यादीत नाव हाय माहं. या कागदानं ते कटते."

"मग बावीस मिनिटांत बंद का करतोस?"

"मी नाई करत. किती डाव सांगू?"

"लहानू, मी नाही बोलत. पुरावा बोलतो."

"मंग त्यालेच विचारा नं," लहानू म्हणाला, "का बंद करताना मी कुठं दिसतो."

सायकलला पायडल मारून तो गेला. सरिता दारात उभी होती. जेवताना भाजी वाढली आणि पोळी विसरली.

ऑफिसात नमिता मॅडम अभियंता आहेत. सुनावणीला त्यांनी अकराही क्लिपा पाहिल्या. "सर, उघडतानाच्या अकरा आहेत. बंद करतानाची एकही नाही."

"बरोबर आहे मॅडम. पण उरतो कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या शाळेत तपासणीला आलेले लोक फळ्याकडे असे पाहतात. "परवा तुमचे नळ आहेत ना? लाइव्हची लिंक पाठवा. मी घरून पाहते. लहानू, तू रोजच्यासारखं कर."

मला आनंद झाला. सरकारी माणूस सकाळी सहाला उठून पुरावा पाहणार, हे आमच्या ले-आउटच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होते. मी लिंक मॅडमना पाठवली आणि ग्रुपवरही. घरचा टीव्ही कॉम्प्युटरला जोडला. बंडोपंत आणि शोभाबाई चहा घ्यायच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन बसले. पाहणारे सत्तेचाळीस, असा आकडा कोपऱ्यात दिसत होता.

पाच चाळीस. लहानू आला. फरशी, चाक, सायकल. गेला.

पाच पंचावन्न. रस्त्यावर पाण्याची एक रेघ आली. ही बंडोपंतांच्या टाकीची. टाकी भरली की वरून वाहू लागते, कारण तिला पाणी आपोआप थांबवणारा बॉल-कॉक नाही. मग दुसरी रेघ, ती शोभाबाईंच्या अंगणातून. पाइप चालू ठेवून त्या इकडे आल्या होत्या. दोन्ही रेघा कोपऱ्यावर एक झाल्या आणि नालीकडे वाहू लागल्या.

सहा वाजून एक मिनिट. टीव्हीवर एक माकडटोपी आली.

टोपी थांबली. तिने वाहत्या पाण्याकडे पाहिले. मग इकडेतिकडे पाहिले, चोरासारखे नाही, मालक कोण आहे हे शोधतात तसे. चप्पल बाजूला काढली. वाकली. फरशी सरकवली, चाक फिरवले, फरशी जागेवर ठेवली, हात धोतराला पुसले. आणि जाता जाता वर कॅमेऱ्याकडे पाहून एक हात उंचावला, ओळखीचा माणूस दिसला की करतात तसा.

कोपऱ्यात ओळ उमटली: 'ओळखीची व्यक्ती. नोंद नाही.'

स्वयंपाकघरात नळाने गुरगुर केली आणि तो गप्प झाला.

"आलं का उत्तर?" सरिता म्हणाली.

बंडोपंत चहा नसलेल्या कपातून चहा पीत होते. शोभाबाई "पाइप चालूच राह्यला बाई!" म्हणत पळाल्या. पळायची गरज नव्हती. फोन वाजला.

"सर," नमिता मॅडम म्हणाल्या, "हे कोण?"

मी गणिताचा शिक्षक आहे. खोटे बोलत नाही. "ओळखीचे आहेत मॅडम," मी म्हणालो.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. नानाजी आठला आले, टोपी खुंटीला लावली. मी समोर उभा राहिलो.

"नानाजी, वॉल तुम्ही बंद करता?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"पाणी सडकीवर वाह्यते तवापासून."

"सांगितलं काऊन नाही?"

"इचारलं काऊन नाई?" त्यांनी चष्मा पुसला. "आपले दोन ड्रम भरते. बंडोपंताची टाकी भरते. भरलेल्यात कितीक भरशीन?"

"पण वरच्या घरांची अर्धीही भरत नाही! अन् लहानूची नोकरी चालली यात!"

हे मात्र त्यांना खरेच ठाऊक नव्हते. नोटीस, सुनावणी, सीडी, सगळे माझ्या फायलीत होते, आणि माझी फाइल मी कोणाला हात लावू देत नाही. नानाजी खाली बसले. 

समुद्रपूरकडच्या त्यांच्या गावात, ते लहान होते तेव्हा, आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत नसे. कोणी वरून ओतले तर पाणी मिळायचे, आणि त्याची वाट पाहत उभे राहावे लागायचे. त्याबद्दल नानाजी कधी बोलत नाहीत. नळ बंद करतात.

"लहानूले बोलाव," ते म्हणाले. "माह्या तोंडानं सांगतो मी त्याले. अन् तुह्या मॅडमलेबी."

मॅडमना सांगून झाले. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मी पाहिलं आहे. पण फायलीला माझं पाहणं चालत नाही. तक्रार पुराव्यानिशी आली, मागेही पुराव्यानिशीच घ्यावी लागेल. क्लिप जोडा."

आणि क्लिप नव्हती. लाइव्ह होते, ते गेले. सत्तेचाळीस माणसांनी पाहिले आणि एकानेही साठवले नाही. ले-आउटच्या माणसांचे काही साठवायचे नाही, असा ठराव माझ्याच अक्षरात होता.

तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसलो, ओळखीच्या माणसांची यादी उघडली आणि नानाजींच्या नावावर गेलो. प्रोग्रॅमने विचारले: 'या व्यक्तीला अनोळखी करायचे आहे का?' खाली 'होय' आणि 'नाही'. मी पाणी प्यायला उठलो. परत येऊन बसलो. सरिता मागे उभी होती. "दाबा," ती म्हणाली, "एक दिवसाचं काम हाय." मी दाबले. तीन वेळा दाबावे लागले: दाखल्यावरचा, टोपीसह, टोपीविना.

पुढच्या नळाच्या दिवशी नानाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून वॉलवर आले. टोपी घातली नाही. "सरकारात जाणारं चित्र हाय," म्हणाले. लहानू मुद्दाम मागे थांबला होता. नानाजी वाकले तेव्हा त्याने त्यांचा कोपर धरला, त्यामुळे क्लिपेत दोघे आले. बारा सेकंद पुरेनात म्हणून मी चाळीसची मर्यादा ठेवली होती. शेवटच्या सेकंदाला नानाजी कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतात, "आलं का बरोबर?" आवाज येत नाही, पण ओठांवरून समजते.

सीडी पुन्हा देवेंद्रकडूनच आणली. या वेळी कव्हर 'प्रथम वाढदिवस' होते.

नोटीस मागे घेण्यात आली. लहानूचे नाव यादीत राहिले. मी फाटकाशी उभा राहून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुमचं गणित बरोबर होतं. फक्त मले एकट्यालेच मोजलं तुम्ही."  

नानाजींनी समितीपुढे एकच अट ठेवली: प्रत्येक टाकीला बॉल-कॉक लावा, मग मी चाकाला हात लावत नाही. तपासायला ते स्वतः प्रत्येक गच्चीवर गेले. बंडोपंतांच्या गच्चीवर जाताना शिडी लागली. नानाजींनी चढता चढता पायऱ्या मोजल्या आणि वरून ओरडून सांगितले, "सात हाय हो!" तो वाद मिटला. आता नळ पाऊण तास राहतात. मोजले आहे.

नानाजींना मी पुन्हा ओळखीत घेतले. लहानूचा फोटोही भरला, पासष्टावा. त्यामुळे आता कॅमेरा चालू असतो, क्लाउडवर जागाच जागा आहे, मेलही वेळेवर येतात आणि एकही क्लिप निघत नाही.

कॅमेरा बसवला त्या दिवशी शिडी नानाजींनी धरली होती.